पहारा नव्हे, सोबत हवी

स्वतःला इजा करून घेण्याच्या सवयीतून बाहेर पडायला महिने, कधी कधी वर्षे लागतात. हा काळ डॉक्टरांच्या खोलीत नव्हे, तर घरात जातो. त्या काळात घरच्यांनी काय करावे, काय टाळावे आणि कायदा काय सांगतो, याचा हा वेध.

प्रतिनिधी

मे महिन्याचा उकाडा. अंगाला सुती कपडाही नकोसा झालेला आणि अकरावीतली मुलगी मात्र दिवसभर पूर्ण बाह्यांच्या कुडत्यात वावरते आहे. एके दिवशी ताट पुढे करताना बाही वर सरकते आणि आईला तिच्या हातावरचे व्रण दिसतात. पुढची दहा मिनिटे घरात कल्लोळ माजतो. आई रडू लागते, ‘आमचं काय चुकलं गं?’ असे पुन्हा पुन्हा विचारते. वडील आधी ओरडतात, मग एकदम गप्प होतात. आजी देवापुढे दिवा लावून बसते. रात्री आई मुलीचा हात स्वतःच्या गळ्याशी नेते आणि म्हणते, ‘पुन्हा असं करणार नाहीस ना? माझ्या गळ्याची शपथ घे.’ मुलगी शपथ घेते. घर सुटकेचा निःश्वास टाकते. तीन आठवड्यांनी शपथ मोडते. फरक एवढाच, की या वेळी ती कोणाला कळू देत नाही.

हा प्रसंग कोणा एका घरातला नाही. कुठे मुलीच्या जागी वसतिगृहात राहणारा मुलगा असतो, कुठे तिशीतली नोकरदार सून, तर कुठे नुकताच व्यवसाय बुडालेला भाऊ. तपशील बदलतात, क्रम मात्र तोच राहतो. आधी धक्का, मग रडारड, मग शपथ आणि त्यानंतर पहारा. यातली प्रत्येक गोष्ट प्रेमापोटीच होते, हे खरे. तरीही स्वतःला इजा करून घेणाऱ्या व्यक्तीला त्यातून बाहेर काढण्यासाठी शपथ आणि पहारा ही दोन्ही साधने अपुरी पडतात. किंबहुना काही वेळा ती उलटतात. असे का होते आणि त्यांच्या जागी काय करता येते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

लाजेचे चक्र

स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसाला मरायचेच असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. दुसऱ्या टोकाला, ‘ही सगळी लक्ष वेधून घेण्याची नाटकं आहेत,’ असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पुष्कळदा ही कृती असह्य झालेल्या भावनेला त्या क्षणापुरता आवर घालण्यासाठी केलेली असते. राग, अपमान, अपराधीपणा किंवा आतला रितेपणा शब्दांत मांडता येत नाही, तेव्हा मनाचे दुखणे शरीरावर उतरवले जाते. काही जण त्यातून स्वतःला शिक्षा देत असतात. काहींना आतून इतके बधिर वाटत असते, की आपल्याला काहीतरी जाणवते आहे, एवढ्याचीच त्यांना खात्री करून घ्यायची असते.

अडचण अशी, की त्यानंतर थोडा वेळ खरोखरच हलके वाटते. मग काही वेळातच त्या कृतीची लाज वाटू लागते, लाजेतून नवा ताण येतो आणि ताण असह्य झाला, की हात पुन्हा त्याच मार्गाकडे वळतो. हे चक्र लक्षात घेतले, म्हणजे धाक, टोमणे किंवा रडारड यांचा उपयोग का होत नाही, ते समजते. या सर्वांनी लाज वाढते आणि लाज हीच तर या चक्राला गती देणारी गोष्ट आहे.

राहिला प्रश्न ‘नाटकां’चा. यातील बहुतेक जण आपल्या जखमा लपवतात. ज्याला केवळ लक्ष वेधून घ्यायचे आहे, तो भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालणार नाही. आणि एखाद्याला खरोखरच घरच्यांचे लक्ष हवे असेल, तर ते मागण्यासाठी त्याला हा मार्ग धरावा लागला, ही गोष्ट तितकीच गंभीर मानली पाहिजे.

हा प्रकार वाटतो तितका विरळाही नाही. मरणाचा हेतू नसताना स्वतःला इजा करण्याविषयी निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के मुलामुलींनी कधी ना कधी असे केलेले होते. बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात बारा ते चौदा वर्षांच्या आसपास होते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे आठवी-नववीचे शिकवणी वर्ग आणि दहावीची धास्ती सुरू होते, त्याच वयात.

आता दिलासा देणारी बाजू. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सुमारे १,८०० किशोरवयीनांचा त्यांच्या तिशीपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किशोरवयात स्वतःला इजा करणाऱ्यांपैकी जवळपास नव्वद टक्के मुलामुलींचे हे वागणे तरुणपणी थांबलेले आढळले. तेव्हा ‘हिचं आता असंच राहणार’ असे मानण्याचे कारण नाही. मात्र ‘वयाबरोबर जाईल आपोआप’ म्हणून हात झटकण्याचेही कारण नाही. ज्या मनःस्थितीतून हे घडते, ती नैराश्य किंवा चिंतेच्या रूपाने मागे राहू शकते. शिवाय आज मरणाचा विचार नसला, तरी स्वतःला इजा करणाऱ्या व्यक्तींमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे.

पहिली दहा मिनिटे

घरच्यांना कळते तो क्षण फार मोलाचा असतो. त्या वेळी आपण काय बोलतो, यावर पुढच्या वेळी ती व्यक्ती आपल्याकडे येईल की आपल्यापासून लपवील, हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणूनच पहिला नियम साधा आहे. आधी जखम पाहावी, कारण नंतर विचारावे. जखम स्वच्छ करणे, पट्टी बांधणे, गरज असल्यास डॉक्टरांकडे नेणे ही कामे शांतपणे, व्याख्यान न देता करावीत. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, तर रुग्णालय गाठावे. औषधे किंवा अन्य काही पोटात घेतले असल्यास, व्यक्ती ठणठणीत दिसत असली तरीही, तत्काळ रुग्णालयात न्यावे. कित्येक पदार्थांचे गंभीर परिणाम काही तासांनी किंवा दिवसांनी दिसू लागतात. ‘उलटी झाली, आता बरं वाटतंय’ यावर विसंबून थांबू नये.

त्यानंतर बोलणे. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्या क्षणी त्याचे उत्तर त्या व्यक्तीलाही ठाऊक नसते आणि प्रश्नाचा सूर उलटतपासणीचा होतो. त्यापेक्षा ‘तुला फार त्रास होत होता, हे मला कळलं नाही. आता मी इथेच आहे. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल,’ एवढे पुरते. ‘आम्ही तुला काय कमी केलं?’, ‘लोकांच्या मुलांकडे बघ’, ‘तुझ्या वयात आम्ही यापेक्षा हाल काढले’ ही वाक्ये बोलणाऱ्याचे दुःख हलके करतात, ऐकणाऱ्याचे वाढवतात.

एक प्रश्न मात्र टाळू नये. ‘जीव द्यावा, असा विचार मनात येतो का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेक पालकांना वाटते. संशोधनातून मात्र असे दिसलेले नाही. उलट, ज्याच्या मनात तो विचार घोळत असतो, त्याला कोणीतरी तो उच्चारल्याने सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञांची मदत घ्यावी.

शपथेऐवजी आराखडा

आता त्या शपथेकडे वळू. आपल्याकडे शपथेला वजन आहे. आईच्या गळ्याची शपथ मोडली, तर आईचे काही बरेवाईट होईल, ही भावना शिकल्यासवरल्या घरांतही पूर्णपणे गेलेली नाही. म्हणूनच ती घातली जाते आणि म्हणूनच ती घातक ठरते. स्वतःला इजा करण्याची ऊर्मी निर्धाराने एका रात्रीत थांबत नाही. शपथ मोडते तेव्हा आधीच्या लाजेत ‘आईची शपथ मोडली’ हे नवे ओझे पडते. मग आईपासून लपवणे हा एकच मार्ग उरतो. शपथेने कृती थांबत नाही, बोलणे मात्र थांबते.

मानसोपचाराच्या क्षेत्रातही एके काळी रुग्णाकडून ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ असा लेखी करार करून घेण्याची पद्धत होती. अशा करारांनी धोका कमी होतो, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. त्याऐवजी आता ‘सुरक्षा आराखडा’ करण्यावर भर दिला जातो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही पद्धत मूलतः आत्महत्येच्या विचारांसाठी असली, तरी स्वतःला इजा करण्याच्या ऊर्मीसाठीही ती उपयोगी पडते. शपथ सांगते, ‘असे करू नकोस.’ आराखडा सांगतो, ‘तसे वाटू लागले, की काय करायचे.’

आराखडा एका कागदावर मावेल इतका छोटा असतो आणि तो त्या व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत, शक्यतो समुपदेशक किंवा डॉक्टरांच्या मदतीने लिहायचा असतो. त्यात सहा गोष्टी येतात. पहिली, धोक्याच्या खुणा. उदाहरणार्थ, रात्री झोप न येणे, कोणाशी भांडण झाल्यावर खोलीचे दार लावून बसावेसे वाटणे. दुसरी, अशा वेळी एकट्याने करता येतील अशा गोष्टी. कोणाला गाणी ऐकून बरे वाटते, कोणाला थंड पाण्याने तोंड धुऊन, तर कोणाला जिना उतरून सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून. तिसरी, जिथे मन रमते अशी माणसे आणि जागा. चौथी, ज्यांना ‘मला आत्ता मदत हवी आहे’ असे उघडपणे सांगता येईल, अशा दोन-तीन व्यक्तींची नावे व फोन क्रमांक. पाचवी, डॉक्टर, समुपदेशक आणि हेल्पलाइन. सहावी, इजेची साधने सहज हाताशी राहू नयेत म्हणून घरात करायचे बदल.

या आराखड्याचे मर्म असे, की ऊर्मी ही लाटेसारखी असते. ती चढते, शिखराला पोहोचते आणि ओसरते. ती चढत असताना वाटते, की आता ही कधी उतरणारच नाही. तेवढा वेळ कसाबसा निभावून नेणे, हेच पहिले उद्दिष्ट. पंधरा मिनिटे थांबता आले, तर पुढची पंधरा मिनिटे थांबणे थोडे सोपे जाते.

पहारा कुठवर?

शपथ मोडल्याचे कळले, की पहारा सुरू होतो. खोलीच्या दाराची कडी काढली जाते, मोबाइल तपासला जातो, दप्तर उपसले जाते, रोज संध्याकाळी ‘हात दाखव’ असे फर्मान निघते. धोका तातडीचा असेल, तेव्हा लक्ष ठेवणे आवश्यकच असते. परंतु महिनोन्‌महिने चालणारा पहारा घराला तुरुंगाचे रूप देतो. मग व्रण हातावरून अंगावर दुसरीकडे जातात आणि घरचे गाफील राहतात.

घर सुरक्षित करणे आणि पहारा देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातील औषधांचा अनावश्यक साठा काढून टाकणे, आजोबांच्या रोजच्या गोळ्या कुलपात ठेवून लागतील तेवढ्याच बाहेर काढणे, गावाकडच्या घरात कीटकनाशके हाताशी न ठेवणे, हे उपाय अवश्य करावेत. साधन हाताशी नसले, की मधे थोडा वेळ जातो आणि त्या वेळात ऊर्मी ओसरू शकते. हे बदल चोरून न करता सांगून करावेत. ‘तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, कठीण रात्री तुला सोपं जावं म्हणून,’ हे वाक्य बोलून दाखवण्याने फरक पडतो.

पहाऱ्याच्या जागी सोबत कशी दिसते? रात्री दहानंतर त्रास वाढतो हे माहीत असेल, तर त्या वेळी भाऊ तिच्या खोलीत अभ्यासाला बसतो. बाबा रोज न चुकता जेवणानंतर तिला घेऊन पान आणायला कोपऱ्यापर्यंत जातात. वाटेत त्या विषयावर एक शब्दही निघत नाही आणि म्हणूनच एखाद्या दिवशी तो निघतो. पुष्कळ घरांत अवघड बोलणे समोरासमोर बसून होत नाही. ते भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर किंवा दिवे मालवल्यावर होते. त्या वेळा मोकळ्या ठेवणे, हे घरच्यांचे काम.

डॉक्टरांच्या दारात

‘आपल्या घरात वेडं कोणी नाही’ या वाक्यापाशी पुष्कळांचे उपचार अडतात. स्वतःला इजा करणे हा स्वतंत्र आजार मानावा का, याविषयी तज्ज्ञांमध्येच चर्चा सुरू आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानसूचीच्या पाचव्या आवृत्तीत, मरणाचा हेतू नसताना केलेल्या इजेचा समावेश ‘अधिक अभ्यासाची गरज असलेल्या’ स्थितींमध्ये केला. अनेकदा त्यामागे नैराश्य, चिंता, बालपणीचा आघात, घरातील किंवा शाळेतील छळ अशी कारणे असतात. ती शोधून काढणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

येथे कोणाकडे जावे, याचा गोंधळ उडतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासण्या व मानसोपचार करतात. समुपदेशक बोलण्यातून मार्ग काढायला मदत करतात. पहिली तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडे करून पुढील दिशा ठरवणे सोयीचे. मुंबईत केईएम, शीव, नायर, जे. जे. अशा रुग्णालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही ही सेवा उपलब्ध होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पण बहुतेकांना दाखल होण्याची गरज पडत नाही.

केवळ स्वतःला इजा करण्याची सवय घालवणारी गोळी नाही. नैराश्यासारख्या आजारावर औषधे दिली जातात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. तरुण रुग्णांच्या बाबतीत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

मुख्य भर असतो तो बोलण्याच्या उपचारांवर. त्यात ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ या पद्धतीचा विशेष उल्लेख करावा लागेल. अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती विकसित केली. त्यावरील त्यांचा प्रमुख ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीचे सूत्र दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टींना एकत्र आणते. माणसाला तो आज जसा आहे तसा स्वीकारायचे आणि त्याच वेळी बदलण्याची कौशल्ये त्याला शिकवायची. तीव्र भावना सांभाळणे, कठीण क्षण निभावून नेणे, नात्यांमध्ये आपले म्हणणे मांडणे आणि वर्तमान क्षणाकडे सजगपणे पाहणे, अशी ती कौशल्ये आहेत.

लिनेहन यांनी २०११ मध्ये एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. किशोरवयात त्या स्वतः गंभीर स्वरूपाची इजा करून घेत असत आणि त्यासाठी कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ राहावे लागले होते. ज्या संस्थेत रुग्ण म्हणून दिवस काढले, तेथेच उभे राहून त्यांनी हे सांगितले. स्वतःला इजा करणाऱ्या मुलीचे भविष्य संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

घरच्यांनी या सूत्रातील पहिला भाग अधिक उचलावा. दुखण्याला मान्यता देणे म्हणजे कृतीला मान्यता देणे नव्हे. ‘तू केलंस ते बरोबर’ असे म्हणायचे नसते. ‘तुला जे वाटत होतं, ते खरंच फार कठीण होतं’ एवढे म्हणता येते.

पोलिसांची भीती

रुग्णालयाच्या दारात अनेक कुटुंबे खोटे बोलतात. ‘काच लागली’, ‘चुकून गोळ्या घेतल्या’ असे सांगितले जाते. कारण एकच, पोलिसांची भीती. ही भीती जुन्या कायद्याची आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मरणाचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा त्यात येत नव्हती. पण तेवढा फरक करत बसण्याइतके भान अशा प्रसंगी कोणाला असते?

आता चित्र बदलले आहे. संसदेने २०१७ मध्ये संमत केलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते. याउलट सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर खटला चालवता येत नाही. अशा व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचेही हेच कलम सांगते. पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे कलमच ठेवलेले नाही. सरकारी सेवकाला त्याच्या कर्तव्याबाबत भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, एवढाच प्रकार कलम २२६ नुसार गुन्हा आहे.

रुग्णालयात अशा प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होऊ शकते आणि पोलीस जबाब नोंदवायला येऊ शकतात. मात्र नोंद होणे म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे. पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेले आहे. तेव्हा डॉक्टरांना खरे सांगावे. चुकीच्या माहितीवर चुकीचे उपचार होतात आणि मनाच्या उपचारांची संधी तिथल्या तिथे हुकते. रुग्णाच्या मानसिक आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधनही याच कायद्याने घातले आहे.

पाऊल पुन्हा घसरले तर

चार महिने सर्व काही सुरळीत चालते आणि एके दिवशी पुन्हा ताजा व्रण दिसतो. घरच्यांची खरी परीक्षा या दिवशी असते. ‘एवढं सगळं करून शेवटी काय?’ हे शब्द जिभेवर येतात. ते गिळावे लागतात. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार महिने सांभाळणे हे शिकलेले कौशल्य आहे आणि एका रात्रीने ते पुसले जात नाही. त्या रात्री काय वेगळे घडले, आराखड्यातील कोणती पायरी उपयोगी पडली नाही, कोणाला फोन करावासा वाटला पण केला नाही, हे शांतपणे पाहिले, तर पुढच्या वेळेसाठी आराखडा अधिक चांगला होतो.

पुनरावृत्तीचे वेळापत्रक पुष्कळदा ओळखता येते. निकालाचे दिवस, परीक्षेचा हंगाम, प्रेमभंग, कोणाच्या मृत्यूचे वर्षश्राद्ध, वसतिगृहात परतण्याची आदली रात्र. अशा दिवसांत डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवावी. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था ‘नाइस’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही, वारंवार इजा करणाऱ्यांसाठी शिक्षेचे उपाय वापरू नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. धोका किती हे गुणांच्या तक्त्यावरून ठरवू नये, तर त्या व्यक्तीची परिस्थिती आणि गरजा समजून घ्याव्यात, असेही त्या सूचना सांगतात. हे डॉक्टरांना उद्देशून असले, तरी घरालाही तितकेच लागू पडते.

कोणाला सांगावे?

आपल्याकडे घर म्हणजे चार भिंतींपुरते नसते. मावशी, काका, शेजारच्या काकू यांना काय सांगायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. या बाबतीत त्या व्यक्तीची इच्छा विचारावी. मोठ्यांपैकी एक-दोन विश्वासू माणसांना माहिती असणे उपयोगाचे. संपूर्ण गोतावळ्यात चर्चा होणे मात्र अपायकारक. लग्नसमारंभात कोणी हाताकडे बोट दाखवून विचारले, तर ‘जुनं लागलेलं आहे’ एवढे उत्तर देऊन विषय बदलण्याचा तिला हक्क आहे. बाही मोठी घालायची की छोटी, हेही तिनेच ठरवावे.

मित्रमैत्रिणींचा पेच वेगळा असतो. ‘कोणाला सांगू नकोस’ असे वचन घेऊन हे गुपित पंधरा-सोळा वर्षांच्या मैत्रिणीवर सोपवले जाते. एवढे ओझे त्या वयाने एकटीने वाहू नये. ‘मी तुझी साथ सोडणार नाही, पण हे आपण दोघी मिळून एखाद्या मोठ्या माणसाला सांगू,’ असे म्हणणे ही चहाडी नव्हे.

धाकट्या भावंडांकडे या काळात दुर्लक्ष होते. घरात काहीतरी बिनसले आहे, हे त्यांना कळतच असते. ‘ताईला बरं नाही, तिचे उपचार सुरू आहेत, यात तुझी काही चूक नाही,’ असे त्यांच्या वयाला साजेल अशा शब्दांत सांगावे.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना, हे पाहणाऱ्या आईची झोप महिनोन्‌महिने पूर्ण होत नाही. अपराधीपणा, राग, भीती आणि या रागाचीच पुन्हा लाज, हे सारे ती मनात ठेवते. अशी थकलेली व्यक्ती फार काळ शांत राहू शकत नाही. म्हणून जबाबदारी वाटून घेणे, आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेवणे, गरज पडल्यास स्वतःही समुपदेशकाकडे जाणे हा स्वार्थ नव्हे, तो उपचारांचाच भाग आहे. दुसऱ्याचे आयुष्य आपण जगू शकत नाही आणि प्रत्येक क्षणाची हमीही देऊ शकत नाही. एवढे मान्य केले, की सोबत करणे थोडे सोपे होते.

सुरुवातीच्या त्या घरात हाच प्रसंग निराळ्या रीतीने घडू शकतो. बाही सरकते, आई पाहते. ती क्षणभर थांबते, ताट बाजूला ठेवते, पट्टी आणि औषध घेऊन येते. जखम बांधून झाल्यावर ती शेजारी बसते. शपथ मागत नाही. ‘आज रात्री मी इथेच झोपते. उद्या आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढेच म्हणते. मुलगी त्या रात्री काही बोलणार नाही कदाचित. पण पुढच्या वेळी ऊर्मी आली, की शेजारच्या अंथरुणावर हलवून जागे करता येईल असे कोणीतरी आहे, हे तिला ठाऊक असेल.

मदत कुठे मिळेल?

- टेलि-मानस : १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. त्रास होणारी व्यक्ती आणि तिचे नातेवाईक, दोघांनाही फोन करता येतो.
- अठरा वर्षांखालील मुलांसाठी : चाइल्डलाइन १०९८.
- जिवाला तातडीचा धोका असल्यास : ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे. तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.